कांडीची कुळकथा

उदबत्तीच्या काडीहून बारीक अशी क्वार्ट्झची एक कांडी. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर, जाडी 0.9 मिलिमीटर, अंगावर सिलिकाचा पांढरा लेप. अशा दहा कांड्या एका चौकटीत ओळीनं बसवतात. प्रत्येकीच्या बुडाशी समुद्रातल्या एखाद्या नमुन्यातून काढलेल्या चरबीच्या द्रावणाचा मायक्रोलिटरभर थेंब ठेवतात आणि चौकट द्रावकाच्या उथळ टाकीत उभी करतात. द्रावक लेपातून वर चढतो आणि चढताना चरबीची एकेक जात वेगवेगळ्या उंचीवर सोडत जातो. मग एकेक कांडी हायड्रोजनच्या ज्योतीतून सरकते. अर्ध्या मिनिटात सगळं जळून जातं आणि कागदावर टेकड्यांची रांग उमटते. एक टेकडी मेणाची, एक तेलाची, एक कोलेस्टेरॉलची. टेकडी मोठी, तर ती चरबी जास्त.

कांडीचं व्यापारी नाव क्रोमारॉड आणि तिला जाळणाऱ्या यंत्राचं इयाट्रोस्कॅन. टोकियोच्या इयाट्रॉन कंपनीनं आणलेलं हे यंत्र गेली चाळीसेक वर्षं समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांमधून दिसतं. पण या कांडीच्या पूर्वजांपैकी बहुतेकांचं समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. कुणाला पानांचे रंग वेगळे करायचे होते, कुणाला औषधी अर्कांची पारख करायची होती, कुणी संत्र्याच्या रसाच्या चवीमागे होतं, तर कुणी लोकरीच्या. समुद्रातली चरबी मोजण्याची रीत अशा परक्या घरांमधून जमवाजमव करून उभी राहिली.

मुळात चरबी वेगवेगळी करून मोजायची कशाला? बांगड्याच्या कालवणावर तवंग येतो, त्याला आपण सरसकट तेल म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण माशाच्या अंगात ते सगळं एका जातीचं नसतं. ट्रायग्लिसराइड म्हणजे कणगीतलं धान्य: सुकाळात भरायचं, दुष्काळात काढून खायचं. फॉस्फोलिपिड आणि स्टेरॉल म्हणजे घराच्या भिंती. प्रत्येक पेशीचं आवरण त्यांचंच. सुटी मेदाम्लं दिसू लागली, तर भिंती नाहीतर कणगी फुटू लागली आहे असं समजायचं. मेण ही खोल आणि थंड पाण्यातल्या जिवांची साठवण. नुसत्या हायड्रोकार्बनचं प्रमाण वाढलं, तर बाहेरून खनिज तेल आलं आहे का, हा संशय घ्यायचा. अंगात दोन टक्के चरबी आहे एवढंच कळलं, तर तो जीव खाऊनपिऊन सुखी आहे की उपाशी, हे कळत नाही. त्यासाठी कणगी आणि भिंती वेगळ्या मोजाव्या लागतात.

सगळी चरबी एका जातीची नसते, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते मिशेल यूजेन शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. प्राण्यांच्या चरबीवरचा त्याचा ग्रंथ 1823 साली आला. चरबीचा साबण केला की ग्लिसरीन सुटतं, हे तोवर माहीत होतं. पण स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातल्या पांढऱ्या पदार्थातून ग्लिसरीन सुटेना. निघालं ते लांब साखळीचं एक अल्कोहोल. म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात मोठ्या दातेरी प्राण्याच्या डोक्यात तेल नव्हतं, मेण होतं. या मेणाच्या मेणबत्त्या इतक्या एकसारख्या जळत, की 1860 च्या इंग्लिश कायद्यानं गॅसच्या दिव्यांचा उजेड मोजण्यासाठी त्यांनाच माप ठरवलं: पौंडाला सहा बसतील अशी, तासाला 120 ग्रेन जळणारी देवमाशाच्या मेणाची बत्ती. तिथे मेण जाळून उजेड मोजत होते. पुढे शंभर वर्षांनी मेण मोजण्यासाठीच मेण जाळायचं होतं, ते अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शेवरलनंतरचं शतक वजनकाट्याचं आणि काचेच्या चंबूंचं. तेलाला साबण व्हायला किती पोटॅश लागतो, तेल किती आयोडीन शोषतं, असे आकडे काढून तेलांची ओळख पटवली जाई. या रीतीनंही मोठे शोध लागले. जपानमध्ये मित्सुमारू त्सुजिमोतो यांना 1906 साली शार्कच्या यकृताच्या तेलात साबण न होणारा एक हायड्रोकार्बन भरपूर प्रमाणात सापडला. 1916 साली त्यांनी त्याचं नाव स्क्वालीन ठेवलं. पण अशा शोधासाठी तेल बाटल्या भरभरून लागे. मोहरीएवढा जीव किंवा बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन असल्या प्रयोगशाळेत गेलं असतं, तर हात हलवत परतावं लागलं असतं.

याच सुमाराला वॉर्सामध्ये एक वनस्पतिशास्त्रज्ञ खडूची भुकटी ठासून भरलेल्या काचेच्या नळीत पानांचा अर्क ओतत होता. मिखाइल त्स्वेत त्याचं नाव. जन्म इटलीत 1872 चा, आई इटालियन, वडील रशियन. 1903 च्या मार्चमध्ये वॉर्साच्या निसर्गप्रेमींच्या मंडळापुढे त्यानं आपली रीत मांडली. वरून द्रावक ओतत गेलं की अर्कातले रंग खडूला कमीजास्त चिकटत खाली सरकतात आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे उभे राहतात. शंभराहून अधिक भुकट्या त्यानं वापरून पाहिल्या होत्या. 1906 साली त्यानं या रीतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असं नाव दिलं. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजेच रंग. बारशात त्यानं स्वतःचं आडनावही घुसवलं असं म्हणायला जागा आहे.

हिरव्या रंगाच्या अभ्यासातला मोठा जर्मन रसायनशास्त्रज्ञ विलश्टेटर याला ही रीत भरवशाची वाटली नाही. त्याला 1915 साली नोबेल मिळालं. त्स्वेत 1919 साली, वयाच्या 47 व्या वर्षी वारला. 1931 मध्ये हायडलबर्गच्या कून, लेडरर आणि विंटरश्टाइन यांनी नळी पुन्हा बाहेर काढली, तेव्हा कुठे जगाला तिची किंमत कळली.

चरबीवाल्यांना मात्र तिचा थेट उपयोग नव्हता. रंगलेखनासाठी रंग हवा, आणि चरबीला तो नाही. ट्रायग्लिसराइडचा पट्टा आणि मेणाचा पट्टा नळीत शेजारीशेजारी उभे राहिले, तरी डोळ्याला दोन्हीकडे पांढरा खडूच दिसणार. इथून पुढची गोष्ट न दिसणाऱ्या पट्ट्यांना पकडण्याची आहे.

नळीची पाटी झाली ती खारकीव्हमध्ये. 1938 साली निकोलाय इझमायलोव्ह आणि मारिया श्रायबर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर ॲल्युमिनाचा दोनेक मिलिमीटरचा थर पसरला, त्यावर औषधी वनस्पतींच्या अर्काचा थेंब टाकला, वर द्रावकाचा थेंब सोडला आणि उमटलेली वर्तुळं अतिनील प्रकाशात पाहिली. नळीला तास लागत, थेंबाला मिनिटं पुरली. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात कर्शनर आणि सहकारी लिंबूवर्गीय फळांच्या रसातली सुगंधी द्रव्यं वेगळी करत होते. त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर सिलिकाचा थर पिष्टाची खळ घालून चिकटवला आणि पट्टी उभी करून द्रावक वर चढवला. या दोन्ही रीतींना घरोघरी पोचवलं ते जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी. 1956 पासून ते मागे लागले, आणि 1958 च्या सुमाराला बाजारात ठरावीक बारीकपणाची, जिप्सम मिसळलेली सिलिका आणि सारखा थर ओढायचं साधन अशा दोन्ही गोष्टी मिळू लागल्या. पाटी आता ज्यानंत्यानं आपापल्या हातगुणानं बनवायची गोष्ट राहिली नाही. तिला एक ठरलेली कृती मिळाली.

चरबीवाले या पाटीवर तुटून पडले. सिलिकाला पाण्यासारखे ध्रुवीय रेणू आवडतात. त्यामुळे फॉस्फोलिपिड बुडाशीच चिकटून बसतात, कोलेस्टेरॉल थोडं वर, त्याच्या वर ट्रायग्लिसराइड, त्याही वर मेण, आणि कशालाच न चिकटणारे हायड्रोकार्बन थेट माथ्यावर. पाटी आयोडीनच्या वाफेत धरली की पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात. गंधकाम्ल फवारून तापवली की चरबी जळून काळी पडते. न दिसणारी चरबी दिसू लागली ती अशी, जाळून.

या पाटीवर समुद्रानं पहिलं मोठं गुपित उघडं केलं. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत रिचर्ड ली, अँड्र्यू बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास कोपेपॉड तपासायला घेतले. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान कवचधारी प्लवक. समुद्रातल्या छोट्या माशांपासून काही देवमाशांपर्यंत कित्येकांचं अन्न. थंड समुद्रातल्या कोपेपॉडांच्या अंगात तेलाची एक पारदर्शक पिशवी असते, ही गोष्ट जुनीच. पाटीनं सांगितलं की त्या पिशवीत ट्रायग्लिसराइडपेक्षा मेण जास्त आहे. वसंतात सूक्ष्म वनस्पतींचा पूर आला की हे जीव खाऊन घेतात, मेण साठवतात आणि हिवाळाभर खोल, अंधाऱ्या पाण्यात त्यावर जगतात. समुद्रात तयार होणाऱ्या अन्नापैकी फार मोठा वाटा काही काळ मेणाच्या रूपानं राहतो, असा दावा या मंडळींनी केला. शेवरलला देवमाशाच्या डोक्यात सापडलेलं मेण अपवाद नव्हतं, समुद्रातला तो नेहमीचा व्यवहार होता.

पण पाटी दाखवते, मोजत नाही. ठिपका खरवडून, धुऊन, तोलायचा, तर पुरेशी चरबी हवी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात चरबी असते ती मायक्रोग्रॅममध्ये. ती खरवडायला गेलं तर नखाखालीच राहून जायची. मोजण्यासाठी दुसरा पूर्वज लागणार होता, आणि तो आला लोकरीच्या वाटेनं. लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज यांनी 1941 साली लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करताना क्रोमॅटोग्राफीची नवी तऱ्हा शोधली, आणि द्रावकाच्या जागी वायू वापरता येईल असं त्याच लेखात सुचवून ठेवलं. नोबेल मिळालं त्या 1952 सालीच मार्टिन यांनी जेम्स यांच्याबरोबर ती सूचना खरी करून मेदाम्लं वायूच्या प्रवाहात वेगळी केली. बाहेर पडणारा वायू मोजायचा कसा, याचं उत्तर 1958 साली दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया अशा दोन ठिकाणांहून स्वतंत्रपणे छापून आलं: हायड्रोजनच्या ज्योतीत जाळायचा. शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत विद्युतभारित कण जवळपास नसतात. कार्बनी पदार्थाचा कण आत शिरला की ते तयार होतात आणि इलेक्ट्रोडवर बारीकसा प्रवाह उमटतो. कार्बन जास्त, प्रवाह जास्त. ज्योतच वजनकाटा झाली.

वायूची ही रीत मेदाम्लांवर उत्तम चालते. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे रॉबर्ट ॲकमन यांनी माशांच्या तेलातल्या मेदाम्लांची छाननी तिच्या जोरावर आयुष्यभर केली. पण तिला वाफ होणारा पदार्थ लागतो, आणि फॉस्फोलिपिडची वाफ होत नाही. म्हणून चरबी आधी फोडून मेदाम्लं सुटी करावी लागतात. गावातली सगळी घरं पाडून विटा मोजण्यासारखंच हे. विटांचा हिशोब पक्का मिळतो, पण कोणती वीट भिंतीची आणि कोणती कोठाराची, ते विचारायची सोय उरत नाही.

पाटीचं वेगळं करणं आणि ज्योतीचं मोजणं, यांचं लग्न लावायचा विचार बऱ्याच जणांनी केला. अडचण साधी होती: रुंद पाटी ज्योतीत कशी घालणार? 1969 साली साबण आणि मार्गारीनच्या धंद्यातल्या युनिलिव्हरचे पॅडली यांनी पाटी गुंडाळूनच टाकली. क्वार्ट्झच्या बारीक कांडीवर लेप द्यायचा, त्यावर चरबी चढवायची आणि कांडी ज्योतीतून सरकवायची. मग उरला लेपाचा प्रश्न, कारण साधा लेप ज्योतीत टिकत नाही. जपानमध्ये ओकुमुरा आणि सहकाऱ्यांनी सिलिकात काचेची पूड मिसळून ती भट्टीत भाजली, तेव्हा लेप कांडीला कायमचा चिकटला. त्यांचा लेख 1975 चा. आता जळून स्वच्छ झालेली कांडी पुन्हा वापरता येऊ लागली, एकदोनदा नव्हे, डझनावारी वेळा.

हॅलिफॅक्समध्ये या कांडीसाठी जागा आधीच तयार होती. तिथल्या सरकारी मत्स्यसंशोधन केंद्रात ब्लाय आणि डायर हे दोघं गोठवलेल्या कॉड माशाचा अभ्यास करत होते. साठवणीत मासा चिवट का होतो, हा मासेविक्यांचा प्रश्न, आणि त्याची एक बाजू चरबीकडे जात होती: थंडीतसुद्धा फॉस्फोलिपिड फुटून सुटी मेदाम्लं वाढत जातात. कॉडच्या मांसात पाणी 80 टक्के आणि चरबी जेमतेम एक टक्का. ती झटपट काढण्यासाठी त्यांनी 1959 साली एक कृती छापली. 100 ग्रॅम मांस, 100 मिलिलिटर क्लोरोफॉर्म, 200 मिलिलिटर मिथेनॉल, मिक्सरमध्ये दोन मिनिटं. मग आणखी 100 मिलिलिटर क्लोरोफॉर्म. मग 100 मिलिलिटर पाणी. क्लोरोफॉर्म खाली बसतो, चरबी घेऊन. यातली मेख अशी, की माशाच्या अंगातलं 80 मिलिलिटर पाणीही त्यांनी कृतीतलं एक द्रावक म्हणून हिशोबात धरलं होतं. ते विसरून कोरड्या नमुन्यावर तीच मापं वापरली, तर गणित चुकतं. मासळी बाजाराच्या गरजेपोटी लिहिलेला हा लेख पुढे जीवरसायनातल्या सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या लेखांपैकी एक ठरला.

ॲकमन यांच्याबरोबर काम करणारे क्रिस्टोफर पॅरिश यांनी कांडी समुद्राच्या नमुन्यांसाठी बसवली. 1983 पासून त्यांचे लेख येत गेले. 1984 मध्ये डेल्मास, पॅरिश आणि ॲकमन यांनी समुद्राच्या पाण्यातली चरबी तिच्यावर मोजून दाखवली, आणि 1987 मध्ये कॅनडाच्या मत्स्यविज्ञानाच्या नियतकालिकात पॅरिश यांनी पूर्ण रीत मांडली. पुढे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात त्यांनी हेच काम चालवलं.

या रीतीतली युक्ती एका वाक्यात सांगायची तर: एका कांडीवर सगळं एकदम सोडवायचं नाही, थोडं सोडवून तेवढंच जाळायचं. पहिल्या टाकीत जवळपास निव्वळ हेक्सेन, त्यात एक टक्का ईथर आणि चिमूटभर फॉर्मिक आम्ल. त्यात हायड्रोकार्बन आणि मेण वर जातात. ज्योत कांडीच्या तेवढ्याच भागावरून फिरवायची आणि थांबवायची. दुसऱ्या टाकीत ईथर 20 टक्के. आता ट्रायग्लिसराइड, सुटी मेदाम्लं, अल्कोहोलं आणि स्टेरॉल उलगडतात, तेही जाळायचे. मग ॲसिटोन दोनदा, त्यानंतर क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी दोनदा. शेवटी अख्खी कांडी ज्योतीतून काढायची. बुडाशी राहिलेल्यांतले ॲसिटोनबरोबर चालणारे आणि न चालणारे असे दोन गट पडतात. न चालणाऱ्यांत मुख्यतः फॉस्फोलिपिड. एका थेंबाचे तीन आलेख. सुरुवातीलाच नमुन्यात एक कीटोन मोजून घालतात, कारण समुद्राच्या चरबीत तो सहसा नसतो. गर्दीत सोडलेल्या ओळखीच्या माणसासारखा तो शेवटी किती परत आला, यावरून वाटेत काय सांडलं ते कळतं.

कांडी लहरीही आहे. दमट दिवशी सिलिका पाणी शोषून घेते आणि टेकड्या जागा बदलतात. म्हणून प्रत्येक टाकीपूर्वी कांड्या कॅल्शियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर बंद पेटीत ठरावीक ओलाव्यात ठेवाव्या लागतात. ज्योत सगळ्या चरब्यांना सारखा न्याय देत नाही. तेवढ्याच वजनाच्या दोन जातींच्या टेकड्या वेगळ्या येतात, आणि वजन दुप्पट झालं म्हणून टेकडी दुप्पट होतेच असं नाही. त्यामुळे प्रत्येक जातीसाठी शुद्ध नमुना जाळून आधी मोजपट्टी बनवावी लागते. समुद्री चरबीची स्वतःची खोड वेगळीच. तिच्यात बरेच दुहेरी बंध असलेली मेदाम्लं खूप असतात, ती सिलिकाला जरा जास्त चिकटतात आणि ट्रायग्लिसराइडच्या एका टेकडीची दोन शिखरं होतात. नवख्या माणसाला त्यात दोन वेगळे पदार्थ दिसतात.

तरीही हा व्यवहार परवडला, कारण थोडक्या नमुन्यात अख्ख्या घराचा जमाखर्च मिळाला. 1989 साली फ्रेझर यांनी मासे, शिंपले आणि कोळंबीवर्गीयांच्या पिल्लांची तब्येत ट्रायग्लिसराइडवरून ओळखावी असं मांडलं. पिल्लू उपाशी पडलं की कणगी रिकामी होते, पण भिंतीतलं स्टेरॉल तेवढंच राहतं. दोहोंचं गुणोत्तर काढलं की पिल्लाचं वजन किंवा लांबी न मोजताही त्याची भूक कळते. डोळ्याला नीट न दिसणाऱ्या पिल्लाला ‘जेवलास का?’ असं विचारता येणं, ही मत्स्यपालनात काम करणाऱ्यांसाठी लहान गोष्ट नाही. कांडीवरचा सगळ्यात वरचा कप्पा, हायड्रोकार्बनचा, आपल्याही किनाऱ्याच्या ओळखीचा आहे: गोव्याच्या वाळूवर पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे डांबरगोळे कुठल्या तेलाचे, हे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी क्रोमॅटोग्राफीनंच शोधलं, मात्र कांडीवर नव्हे, वायूच्या रीतीनं.

आज वस्तुमान-वर्णपटाची यंत्रं एका नमुन्यातल्या शेकडो चरब्यांची नावनिशीवार यादी देतात. तिच्यापुढे कांडीचे दहाबारा गट ढोबळ वाटतील. पण यादी आणि जमाखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोण कोण घरात आहे हे यादी सांगते; घर चाललं आहे की बुडालं, हे आजही थोड्या पैशात कांडी सांगते.

या कुळात एकही माणूस असा नाही, ज्यानं सगळी रीत एकट्यानं शोधली. मूळपुरुषाला मात्र कांडीवर अजून जागा आहे. नमुना वनस्पती-प्लवकांचा असेल, तर पहिल्या दोन टाक्यांत हरितद्रव्य बुडाशीच बसून राहतं आणि ॲसिटोनची पाळी आली की वर सरकू लागतं. पांढऱ्या कांडीवर डोळ्यांना सरळ दिसणारा हिरवा पट्टा एवढाच. 1903 साली वॉर्साच्या त्या नळीत त्स्वेतनं पाहिला होता तोही हरितद्रव्याचाच.